सीडी गेली, पण सूर कुठे गेले?

आपले दिग्गज मराठी गायक-संगीतकार हल्ली नवा अल्बम दुकानात का आणत नाहीत? उत्तर त्यांच्या गळ्यात नाही, आपल्या खिशात आहे!

डोंबिवली फास्टमध्ये चौथी सीट मिळो न मिळो, कानात इअरफोन मस्ट! डोंबिवलीला सुरू झालेलं गाणं ठाणं येईपर्यंत चार वेळा बदललेलं असतं. त्यात अरिजित असतो, एखादा पंजाबी ट्रॅक असतो आणि मूड लागला तर एखादं मराठी भावगीतही. पण खरं सांगा, मराठी गाण्यांची सीडी तुम्ही शेवटची कधी विकत घेतलीत? आठवत नाही ना? मग ज्यांच्या गाण्यांवर आपले आई-बाबा प्रेमात पडले, त्या मंडळींनी तरी सीडी कुणासाठी काढायची?

ते रिटायर झालेत असं मुळीच नाही. गाण्याच्या धंद्याचा सगळा फंडाच बदललाय.

सिंगल? ते तर आजोबांच्या काळातलं!

आज कुणी एकच गाणं रिलीज केलं की आपण म्हणतो, 'नवा सिंगल आला'. पण भावगीत वाढलं तेच मुळी सिंगलवर. 78 आरपीएमची जुनी तबकडी आठवा. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला एक, प्रत्येकी साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं. कवीला आणि संगीतकाराला जे काही सांगायचं ते तेवढ्यातच. ठाण्याचे नगराध्यक्ष राहिलेले जनकवी पी. सावळाराम याच काळातले. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लता-आशाचा आवाज, हे कॉम्बिनेशन म्हणजे तेव्हाचं सुपरहिट पॅकेज!

पुढे एलपी आली, 80च्या दशकात कॅसेट आली. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने कॅसेट इतकी स्वस्त केली की ती किराणा दुकानातही लटकू लागली. आठ-दहा गाण्यांचा अल्बम हा मराठीतही नॉर्म झाला. सुरेश वाडकर आणि श्रीधर फडके यांचं 'ओंकार स्वरूपा', मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा', सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांचं 'आयुष्यावर बोलू काही'... घरोघरी कपाटात या कॅसेट्स आणि सीडीज रांगेत उभ्या असायच्या.

पुलावरची ती डिस्क

मग आली एमपीथ्री. हिशेब सोपा आहे. साध्या ऑडिओ सीडीवर जेमतेम 80 मिनिटांचं संगीत मावतं. त्याच 700 एमबीच्या डिस्कवर एमपीथ्री फाइल्स भरल्या की सव्वाशे-दीडशे गाणी आरामात बसतात. स्टेशनच्या पुलावर अशी पायरेटेड डिस्क वडापावच्या भावात मिळत असेल, तर आठ गाण्यांची ओरिजिनल सीडी कोण घेणार? पाठोपाठ पेन ड्राइव्ह आले, यूट्यूब आलं. लॅपटॉपमधून आणि गाड्यांमधून सीडीची फटच गायब झाली. 2016मध्ये मुंबईचं ऱ्हिदम हाऊस बंद झालं आणि त्याच वर्षी जिओ आलं. यापेक्षा बोलका योगायोग कुठला?

सीडीचा धंदा मुळातच रिस्की. स्टुडिओ आणि वादकांचा खर्च तर आहेच. वर शेकड्याने प्रती छापा, कव्हर छापा, दुकानात ठेवा आणि न खपलेला माल परत घ्या. ऑनलाइन रिलीजला यातलं शेवटचं काहीच लागत नाही.

स्वतःशीच कॉम्पिटिशन

पण दिग्गजांची खरी गोची वेगळीच आहे. त्यांचा सगळ्यात तगडा स्पर्धक म्हणजे त्यांचंच जुनं गाणं! नवोदित गायकाचं पहिलं गाणं लोक कुतूहलाने तरी ऐकतात. नावाजलेल्या गायकाने नवी चाल सुरू केली की प्रेक्षागृहातून जुन्या हिट गाण्याची चिठ्ठी येते. आणि ते जुनं गाणं तर मोबाइलवर फुकटात हजर.

सारेगामाने 2017मध्ये 'कारवाँ' बाजारात आणला, तो 5,000 जुनी हिंदी गाणी भरलेला. म्हणजे हातात धरता येईल अशी संगीताची वस्तू तेव्हाही खपली, पण जुन्या मालावर.

जपानचं उदाहरण भारी आहे. तिथे आजही संगीताच्या कमाईत सीडी-डीव्हीडीचा वाटा निम्म्याहून जास्त आहे. कसा? एकेबी 48सारख्या आयडॉल ग्रुप्सच्या सीडीसोबत कलाकाराशी हस्तांदोलन करायचं कूपन मिळायचं, मग एकेक फॅन त्याच सीडीच्या ढीगभर प्रती घ्यायचा. 80च्या दशकात लागोपाठ 24 सिंगल्स नंबर वनवर नेणाऱ्या सेइको मात्सुदाच्या पिढीला हा खेळ कसा परवडणार? जिथे सीडी अजून जिवंत आहे, तिथेही ज्येष्ठांसाठी सिंगल ही पूर्वीसारखी हमखास कमाई राहिली नाही.

दुकान बंद, पडदा वर

मग आपली ज्येष्ठ मंडळी कमावतात कशावर? कार्यक्रमावर. अरुण दाते यांनी 'शुक्रतारा' आणि पं. हृदयनाथ मंगेशकर यांनी 'भावसरगम' वर्षानुवर्षं गाजवलं. पूर्वी कार्यक्रमामुळे मध्यंतरात सीडी खपायची. आता सीडीच नाही, कार्यक्रम हेच प्रॉडक्ट आहे.

आणि इथेच आपला एरिया सॉलिड महत्त्वाचा ठरतो. ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं अत्रे रंगमंदिर. या पट्ट्यात मराठी गाण्याला तिकीट काढून येणारा प्रेक्षक आहे. दिवाळी पहाटेला फडके रोड आणि तलावपाळीला तर पाय ठेवायला जागा नसते.

पण गंमत बघा. स्टेजचे पैसे मिळतात ते गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला. घरी बसलेल्या कवीला आणि चाल बांधणाऱ्याला काय? 2012च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला. पण हक्क मिळायला नाव तर नोंदलेलं हवं! कॅसेटच्या कव्हरवर कवी, संगीतकार, कधी कधी तबलजीचंही नाव असायचं. मोबाइलच्या स्क्रीनवर फोटो दिसतो तो गायकाचा. सीडी गेली याचं फार वाईट वाटून घेऊ नका, पण तिच्यासोबत ही नावं गेली तर आपण खरंच काहीतरी गमावू.

एवढं तर करू शकतो ना?

* तीस सेकंद थांबा: स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते मोजलं जातं, आणि वर्षभरात 1,000 वेळाही न वाजलेल्या ट्रॅकला 2024पासून रॉयल्टीच नाही. भावगीताचं सुरुवातीचं म्युझिकच कधी कधी तेवढं असतं, तेव्हा घाईघाईत नेक्स्ट दाबू नका.
* ऑफिशियल ऐका: कुणीतरी परस्पर चढवलेली कॉपी ऐकण्यापेक्षा कलाकाराच्या किंवा कंपनीच्या चॅनेलवर जा.
* क्रेडिट्स उघडा: गाणं शेअर करताना कवी आणि संगीतकाराचं नाव टाइप करा. दहा सेकंदांचं काम.
* तिकीट काढा: आणि चिठ्ठी पाठवायचीच असेल, तर एकदा लिहा, 'तुमचं नवीन काहीतरी ऐकवा.'
* रद्दीवाल्याला थांबवा: घरातल्या सीडी-कॅसेटची कव्हर्स जपून ठेवा. काही गाण्यांचे कवी आणि वादक कोण, हे कदाचित तिथेच सापडेल.