सायकलचा अपघात: ‘चूक कोणाची?’ याच्या पुढचा प्रश्न

आमच्या शाळेतली सातवीची एक मुलगी गेल्या महिन्यात सायकलवरून पडली. कडेला उभ्या गाडीचा दरवाजा अचानक उघडला, हँडल अडकलं आणि मनगट मोडलं. मोहल्ल्यात दोन गट पडले. कुणी म्हणे ड्रायव्हर बेपर्वा, कुणी म्हणे पोरगी गाडीला एवढी चिकटून का गेली? शेवटी अब्बांनी तिची सायकलच बंद केली. आता रिक्षाला पैसे असतील त्याच दिवशी ती शाळेत येते.

दोष ठरवणं हे पोलीस-कोर्टाचं काम. नुकसानभरपाईसाठी ते गरजेचंही आहे. पण दोषी सापडला म्हणून उद्याचा अपघात टळत नाही. त्यासाठी विचारावं लागतं: जागा कोणती? वेळ कोणती? कुणाला काय दिसलं नाही? काय बदलता येईल?

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर ३ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. हळूहळू सायकलसाठी वेगळ्या वाटा झाल्या, वस्तीतल्या गाड्यांचा वेग कमी केला गेला. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये धोरणच ठरवलं: माणूस चुकणारच, पण त्या चुकीत जीव जाऊ नये असा रस्ता हवा.

आपल्या हातात काय आहे?

गाडीचा दरवाजा लांबच्या हाताने उघडा. ड्रायव्हरने डाव्या, डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने. अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते.

मुलांना सांगा, उभ्या गाडीपासून निदान एक मीटर लांब राहा. वळणाऱ्या ट्रक-बसच्या डाव्या बाजूला घुसू नका, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही.

आणि मूल ‘आज थोडक्यात वाचलो’ म्हणालं, तर रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते लपवेल. जागा लिहून ठेवा. चार घरांनी एकच जागा सांगितली, की नगरपालिकेला अर्ज द्या.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानाचा भाग आहे, हे आपण मुलांना शिकवतोच. धोक्याचं वळण हीही तशीच वस्तू आहे.

परवा त्या मुलीचे अब्बा माझ्याबरोबर शाळेपर्यंत पायी आले. अशा तीन जागा सापडल्या. अर्जावर पहिली सही त्यांचीच आहे.