पासवर्ड चुकला, की भिंत आडवी आली?

फोन वायफायला जोडला जात नाही, ही तक्रार ऐकायला एकच. पण तिच्या पोटात निदान चार वेगळ्या अडचणी असतात. राउटरचे नाव फोनला दिसावे लागते, मग दोघांची एकमेकांना ओळख पटावी लागते, मग राउटरकडून फोनला पत्ता मिळावा लागतो, आणि शेवटी त्या पत्त्यावरून बाहेर इंटरनेटपर्यंत वाट मोकळी असावी लागते. यांतली कुठलीही पायरी निसटली तरी घरातले सगळे एकच वाक्य बोलतात आणि उपायही एकच सुचवतात: बंद करून चालू कर. हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो, आणि खोच तिथेच आहे. तो चारही पायऱ्या पहिल्यापासून चढायला लावतो, त्यामुळे पाय कुठे घसरला होता हे कधीच कळत नाही आणि चार दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते. फोनच्या पडद्यावर उमटणारा निरोप आपण निकाल म्हणून वाचतो. प्रत्यक्षात तो फोनने बांधलेला अंदाज असतो. तो अंदाजच का असतो हे पाहिले, तर दुरुस्तीला कुठून हात घालायचा ते बरेचसे उलगडते.

इतिहास थोडक्यात पुरे. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने १९८५ साली काही लहरींचे पट्टे विनापरवाना वापराला मोकळे केले, १९९७ मध्ये ८०२.११ हे पहिले मानक आले, आणि १९९९ मध्ये वायफाय हे बाजारातले नाव रूढ होऊ लागले. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. परवाना नाही म्हणजे मालकही नाही: तुमचा राउटर, शेजाऱ्यांचे चार राउटर, ब्लूटूथचे इअरफोन आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सगळे त्याच अरुंद पट्ट्यात वावरतात. तिथे पाठवलेला प्रत्येक निरोप पोहोचेलच याची हमी कुणीच देत नाही.

या यंत्रणेतला सर्वांत हट्टी, आणि माझ्या मते सर्वांत देखणा भाग म्हणजे ओळख पटवण्याची पायरी. २००४ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत ती चार निरोपांत उरकते, आणि त्या चारांपैकी एकातही पासवर्ड नसतो. पासवर्ड हवेतून जातच नाही. फोन आणि राउटर दोघेही आपापल्या जागी पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र घेऊन त्यांवर एकच गणित ४०९६ वेळा चालवतात आणि २५६ बिटांची किल्ली तयार करतात. मग राउटर एक यादृच्छिक आकडा पाठवतो. फोन स्वतःचा आकडा काढतो, दोन्ही आकडे आणि दोघांचे यंत्रपत्ते (राउटर पुढे फोनला देतो तो पत्ता वेगळा) किल्लीत मिसळून त्या भेटीपुरती नवी किल्ली बनवतो, आणि आपला आकडा त्या नव्या किल्लीचा शिक्का मारून परत धाडतो. राउटर तोच हिशेब स्वतः करून शिक्का जुळतो का ते पाहतो. जुळला तर तिसरा निरोप जातो, आणि चौथ्यात फोन पोच देतो. एकाच नावाचा राउटर आणि रिपीटर घरात असतील, पण दोघांचे पासवर्ड वेगळे असतील, तर दिवाणखान्यात चालणारा फोन झोपायच्या खोलीत नापास होतो तो याच पायरीवर.

आता पासवर्ड चुकला असे समजू. दुसऱ्या निरोपावरचा शिक्का जुळत नाही. अशा वेळी राउटरने तो निरोप मुकाट्याने टाकून द्यावा, असे मानक सांगते. ‘चुकलात’ असे तो म्हणत नाही. पहिलाच निरोप आणखी काही वेळा पाठवून पाहतो आणि मग संबंध तोडतो. तोडण्याचे कारण म्हणून बहुधा १५ हा क्रमांक देतो, ज्याचा अर्थ एवढाच की चार निरोपांची देवघेव वेळेत पूर्ण झाली नाही. पण पासवर्ड अगदी बरोबर आहे, मध्ये दोन जाड भिंती आहेत आणि फोनचा दुसरा निरोप वाटेतच विरला, तरीही राउटर वाट पाहतो, पहिला निरोप पुन्हा पाठवतो आणि त्याच १५ क्रमांकाने संबंध तोडतो. फोनला हे दोन्ही प्रसंग जवळजवळ जुळे भासतात. अँड्रॉइड फोनमध्ये हे काम ज्या आज्ञावलीच्या आधाराने चालत आले आहे, ती जौनी मालिनेन या फिनलंडच्या प्रोग्रॅमरने लिहायला घेतली. तिच्या नोंदीतही अशा वेळी किल्ली चुकीची असण्याची शक्यता आहे, एवढेच लिहिले जाते. आज्ञावली लिहिणाऱ्याने शंका राखून ठेवली. फोनच्या पडद्यापर्यंत येईतो ती गळून पडते. काही फोन सरळ ‘चुकीचा पासवर्ड’ असे सांगून मोकळे होतात, आणि माणूस बरोबर असलेला पासवर्ड पुन्हापुन्हा टाइप करत बसतो.

मग राउटरने स्पष्ट बोलावे, असा आक्षेप कुणीही घेईल, आणि तो रास्तही आहे. अडचण अशी की ओळख पटण्याआधी राउटरने काहीही म्हटले तरी ते राउटरनेच म्हटले हे फोनने ओळखायचे कसे? शिक्का मारायला सामाईक किल्लीच नसते, म्हणून ‘पासवर्ड चुकला’ असा निरोप रस्त्यावर उभा राहून कुणीही धाडू शकेल. ओळख पटवण्याच्या या पायरीवर थोडी सैल वागणूकही महागात पडते, हे २०१७ मध्ये दिसले. चौथा निरोप हरवला तर राउटर तिसरा पुन्हा पाठवतो, आणि तो पुन्हा आला की फोन किल्ली नव्याने बसवतो, एवढ्याच सवलतीचा फायदा घेऊन बेल्जियमच्या ल्यूवेन विद्यापीठातल्या माथी वानहूफ या संशोधकाने डब्ल्यूपीए-२ला भगदाड पाडून दाखवले. तेव्हा राउटरचे मौन समजण्यासारखे आहे. फोनचा ठामपणा मात्र समजण्यासारखा नाही. ‘ओळख पटली नाही, राउटरजवळ जाऊन पाहा, मग पासवर्ड तपासा’ एवढे लिहायला पडद्यावर जागा आहे. राउटरशेजारी उभे राहिल्यावर फोन जोडला गेला तर दोष सिग्नलचा. तिथेही अडला, आणि तोच पासवर्ड नव्याने टाकून दुसरा फोन जोडला गेला, तर पहिल्या फोनमध्ये साठवलेली जुनी नोंद पुसून पुन्हा भरायची.

पुढच्या पायरीवरही असेच मौन आहे. ओळख पटल्यावर फोन हवेत हाक मारतो: मला पत्ता द्या. डीएचसीपी नावाची व्यवस्था ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने पत्ते वाटते. घरगुती राउटरच्या जाळ्यात साधारण अडीचशे पत्ते मावतात, पण वाटपाला ठेवलेले बऱ्याचदा त्याहून कमी असतात. मंगल कार्यालयात हे बरोबर आडवे येते. सकाळच्या मुहूर्ताची मंडळी जेवून निघून जातात, पण मुदत चोवीस तासांची असेल तर त्यांच्या फोनांचे पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलेलेच, आणि संध्याकाळच्या स्वागत समारंभाचे पाहुणे ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ या ओळीकडे बघत बसतात. पासवर्ड बरोबर, सिग्नल पूर्ण, आणि पाहुण्याने आपला फोन दहादा बंद-चालू केला तरी शिल्लक नसलेला पत्ता मिळणार कुठून? इथे मुदत तासाभरावर आणणे हा खरा उपाय, आणि तो कार्यालयाच्या व्यवस्थापकाच्या हातात. भरीस भर म्हणजे अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा यंत्रपत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. माग काढणाऱ्यांपासून बचाव म्हणून हे चांगलेच आहे, पण नोंदवलेल्या यंत्रांनाच आत घेणाऱ्या वसतिगृहाच्या राउटरला तोच फोन अनोळखी वाटतो.

सामान्य माणसाला या पायऱ्यांशी काय देणेघेणे, त्याला फक्त काम व्हायला हवे, असेही म्हटले जाते. पण त्याच माणसाला शेवटी ‘नेटवर्क सेटिंग्ज रिसेट करा’ असे सांगितले जाते, आणि त्यात साठवलेली सगळी नेटवर्के, पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. कधी त्यावाचून इलाज नसतो. २०२१ मध्ये टक्केचिन्हांची विशिष्ट रांग नावात असलेल्या नेटवर्कला जोडले की आयफोनचे वायफायच बंद पडे. फोन बंद-चालू करूनही ते सुधारत नसे, रिसेटच करावे लागे. पुढे आयओएस १४.७ मध्ये तो दोष निघाला. असे प्रसंग विरळा. एरवी रिसेट म्हणजे कुठली पायरी निसटली हे न विचारता चारही उखडून टाकणे.

शेवटची पायरी तर बरीचशी फोन आणि राउटर या दोघांच्याही हाताबाहेरची. जोडणी झाल्यावर अँड्रॉइड फोन एका ठरलेल्या पत्त्यावर छोटी विनंती पाठवतो आणि २०४ या क्रमांकाचे रिकामे उत्तर आले तरच इंटरनेट आहे असे मानतो. फोनची तारीख मागे पडलेली असेल तर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात, आणि वायफाय ठीक असूनही काहीच उघडत नाही. रेलटेल आणि गूगल यांनी रेल्वे स्थानकांवरचे मोफत वायफाय जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केले. गूगल पुढे त्यातून बाहेर पडले, रेलटेलची सेवा राहिली. अशा सार्वजनिक वायफायवर पासवर्डच्या जागी मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी घ्यावा लागतो. म्हणजे मोबाइलचा सिग्नल नाही म्हणून वायफाय शोधणाऱ्याला आधी मोबाइलचा सिग्नल लागतो. परदेशातून सुट्टीला आलेल्याकडे तिकडचेच सिम असेल तर ओटीपी बऱ्याचदा येतच नाही. फोन जोडला गेलेला असतो, पत्ता मिळालेला असतो, फक्त नोंदणीचे पान पुढे सरकत नाही. पडद्यावर मात्र ‘कनेक्ट केले, इंटरनेट नाही’. आणि राउटर बंद करून चालू करावा म्हटले, तर तो वर छताला, कुलूपबंद पेटीत.