चकती फिरते, खातेदार थांबतो

महिन्याच्या पहिल्या तारखांना बँकेत गेलात, तर ‘सर्व्हर स्लो आहे’ हे वाक्य हमखास कानी पडते आणि पेन्शनची रांग थबकते. आपल्याला वाटते, संगणक जुना झाला असेल. पुष्कळदा तो बिचारा रिकामाच असतो. वाट पाहत असतो डिस्कची.

डिस्क म्हणजे फिरती चकती. मिनिटाला १५,००० फेरे घेणाऱ्या चकतीलाही एका फेऱ्यास ४ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे ४ हजारांश लागतात. हवी ती नोंद वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. हेड सरकण्याचा वेळ वेगळा. अशी डिस्क सेकंदाला जेमतेम दीड-दोनशे कामे उरकते. माझा भाचा ही यंत्रे सांभाळतो. ‘मग मोठी डिस्क घ्या ना,’ मी म्हटले. तो म्हणाला, ‘मामू, गोदाम वाढवून काय होणार? हमाल वाढवायला हवेत.’ एका मोठ्या डिस्कपेक्षा दहा लहान बऱ्या, त्या अशा.

त्या एकत्र कशा जुंपायच्या, हे बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली मांडले. या पद्धतींना ‘रेड’ म्हणतात. ‘रेड-५’ मध्ये माहितीसोबत एक ताळा ठेवतात. एखादी डिस्क बिघडली, तर ताळ्यावरून तिचा मजकूर परत काढता येतो. जागा वाचते, म्हणून खर्च मंजूर करणाऱ्यांना ही पद्धत आवडते. पण एक छोटी नोंद बदलायची, तर जुनी नोंद वाचा, जुना ताळा वाचा, नवी नोंद लिहा, नवा ताळा लिहा. चार खेपा! पुढे रूढ झालेल्या ‘रेड-१०’ मध्ये तीच नोंद दोन डिस्कवर लिहिली की झाले. मात्र निम्मी जागा दुसऱ्या प्रतीत जाते. दिवसभर लिहीत बसणाऱ्या बँकेने हा खर्च करावाच.

आणखी एक सोय असते. कंट्रोलर नोंद आधी आपल्या स्मृतीत टिपून ‘झाले’ म्हणतो आणि डिस्कवर सवडीने उतरवतो. या स्मृतीला ‘कॅश’ म्हणतात, रोकड नव्हे! रांग भराभर सरकते. पण मध्येच वीज गेली तर? म्हणून या स्मृतीला स्वतःची बॅटरी असते. ती निकामी झाली की शहाणा कंट्रोलर ही सवलत बंद करतो, आणि कुणी काही बदललेले नसताना सारे संथ होते. तेव्हा घाईने कुणीतरी बॅटरीविनाच सवलत सुरू करतो. वीज जाते. एखाद्या आजीच्या पासबुकात पैसे जमा झाल्याची ओळ छापलेली असते, यंत्राला मात्र ते पैसे आठवत नाहीत.

फ्लॅश डिस्कमध्ये काहीच फिरत नाही; ती सेकंदाला हजारो कामे करते. पण ताळ्याच्या जादा खेपा तिथेही आहेत, वीज जाण्याची भीतीही आहे. हातातले लिहून होईपर्यंत पुरेल इतकी वीज साठवणारा कपॅसिटर तिच्यात आहे ना, हे घेतानाच विचारावे. भाचा तर नव्या ठिकाणी गेला की डिस्क मोजण्याआधी बॅटरी तपासतो.