उताऱ्याचे आकलन : रूढ समज आणि वस्तुस्थिती

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांच्या भाषाशिक्षणाविषयी पालकांच्या, आणि पुष्कळ शिक्षकांच्याही, मनांत जे समज दृढमूल झाले आहेत, त्यांतील सर्वांत व्यापक समज असा की, जो विद्यार्थी धडा न अडखळता, स्पष्ट उच्चारांनी वाचून दाखवतो, त्याला तो समजलेलाच असतो. अस्खलित वाचन आकलनाला साहाय्यभूत ठरते, हे खरे. परंतु गॉफ आणि टन्मर या संशोधकांनी १९८६ साली मांडल्याप्रमाणे, लिपी उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांच्या गुणाकारातून वाचन सिद्ध होते, आणि गुणाकारातील एक अंक शून्य असला तर दुसऱ्याच्या मोठेपणाचा काही उपयोग होत नाही. देवनागरी लिपी बव्हंशी उच्चारानुसारी असल्यामुळे अर्थ न कळताही अस्खलित वाचता येते, आणि आपल्याकडे ही फसगत अधिकच सुलभ होते.

उताऱ्याखालील प्रश्नांची उत्तरे बरोबर आली म्हणजे आकलनाचा दाखला मिळाला, हा समजही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. ‘टिंबुळाने काल झिरंबात तीन खुबळे गुंफाळले’ हे सर्वस्वी निरर्थक वाक्य घ्या, आणि खुबळे कोणी गुंफाळले, कोठे, किती, असे विचारा. केवळ विभक्तिप्रत्यय आणि वाक्यरचना यांच्या आधारे कोणताही विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण मिळवील. मजकुरात जे उघड सांगितलेले नाही ते विचारले, आणि उत्तरामागोमाग ‘कशावरून?’ असा खुलासा मागितला, तरच परीक्षा खरी होते.

तथापि सर्वाधिक हानिकारक समज निराळाच आहे : आकलन हे एक स्वतंत्र कौशल्य असून, वाटेल त्या विषयावरचे उतारे सोडवून घेतले की ते सर्वत्र लागू पडते. रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील प्रयोगात सातवी-आठवीच्या ६४ विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचावयास देऊन, मैदानाच्या छोट्या प्रतिकृतीवर तो प्रसंग करून दाखवण्यास सांगितले, तेव्हा वाचनात कच्चे पण खेळाचे जाणकार असलेले विद्यार्थी, वाचनात तरबेज परंतु खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले. आपल्याकडेही गुऱ्हाळावरच्या उताऱ्यात काहील, चुलवाण, चिपाडे, काकवी असे शब्द आले, तर ज्याने रस उकळताना पाहिला आहे अशा कोल्हापूरकडील मुलाच्या डोळ्यांपुढे सारी प्रक्रिया क्रमाने उभी राहते, आणि मुंबईतील हुशार मुलगा प्रत्येक शब्दापाशी थबकतो; यात बुद्धीचा वा भाषेच्या तयारीचा काही संबंध नाही. म्हणूनच इतिहास, भूगोल आणि विज्ञान यांच्या तासिका कमी करून उताऱ्यांचा सराव वाढवणे मला आत्मघातकी वाटते.

व्याकरणाचे नियम पाठ झाले की लेखन आपोआप सुधारते, या समजुतीलाही पुराव्याचा आधार नाही. ग्रॅहम आणि पेरिन यांच्या २००७ सालच्या अहवालात चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत व्याकरणाच्या सुट्या अध्यापनाने लेखनाचा दर्जा सुधारलेला आढळला नाही. सुटी वाक्ये जोडून संयुक्त वा मिश्र वाक्ये रचण्याच्या सरावाने आणि सारांशलेखनाने मात्र तो सुधारला.

तेव्हा शिक्षकांना विनंती आहे की, दर दिवशी नव्या विषयाचा उतारा देण्याऐवजी एकाच विषयावरचे तीन-चार लेख सलग वाचावयास द्यावेत, पुस्तक मिटून त्यांचा सारांश लिहवून घ्यावा, आणि प्रत्येक उत्तराला मजकुरातील आधार मागावा. यासाठी कोणत्याही जादा तरतुदीची वा वरिष्ठांच्या हुकुमाची आवश्यकता नाही.