नरक्यापासून कॅन्सरचे औषध बनते, मग पाला उकळून प्यायला तर काय बिघडले?

मालवण : घरात कुणाला कॅन्सर निघाला की मुंबई नाहीतर गोव्याच्या बांबोळीच्या फेऱ्या सुरू होतात. किमोमुळे उलट्या होतात, केस जातात, तोंडाला चव राहत नाही. मग कोणीतरी सांगतो, "किमो कित्याक? झाडपालो घेवन बघ." सांगणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

झाडात औषध असते, हे खरेच. आपल्या आंबोलीच्या जंगलातला नरक्या बघा. १९६६ साली मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी अमेरिकेत एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना तेच द्रव्य नरक्यात सापडले.

पण ते रुग्णांना दिले तेव्हा रक्तातल्या पेशी घटल्या, जुलाब लागले, लघवीतून रक्त गेले. चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्यात बदल करून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही औषधे तयार झाली, त्यांना अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९६ साली. म्हणजे ३० वर्षे गेली ती मात्रा ठरवण्यात आणि विषारीपणा आवरण्यात. घरी उकळलेल्या काढ्यात द्रव्य किती उतरले, हे कोण मोजणार? अंगणातल्या सदाफुलीचेही तसेच. तिच्यापासून व्हिनक्रिस्टिन बनते, पण पाने चावून कॅन्सर बरा होत नाही.

दुसरा धोका दोन औषधे एकमेकांत मिसळण्याचा. काही काढे यकृतावर ताण देतात, काही रक्त पातळ करतात, काहींमुळे किमोचा परिणाम कमी-जास्त होतो. किमोनंतर पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या पाल्याच्या रसातून जंतुसंसर्गही होऊ शकतो.

मग आयुर्वेद सोडायचा का? तसे नाही. भूक, झोप, बद्धकोष्ठता यासाठी शिकलेल्या वैद्यांचा सल्ला घ्या, पण कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारूनच. टाटा रुग्णालयाने स्तनांच्या कॅन्सरच्या रुग्णांना योग शिकवला, तोही उपचारांच्या जोडीला, उपचार थांबवून नव्हे.

पुढच्या तपासणीला जाताना फाईलसोबत घरातली पुडी, बाटली, चूर्ण पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. ओरडा बसेल म्हणून लपवू नका. खर्चामुळे किमो सोडायची वेळ आली असेल, तर आधी रुग्णालयात महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा.