अस्सल, नक्कल आणि रुजवात

लांजा तालुक्यात वैशाखातल्या लग्नापासून शिमग्याच्या पालखीपर्यंत प्रत्येक प्रसंग कॅमेऱ्यात उतरू लागल्यापासून, जिथे पूर्वी जमिनीच्या कागदांचे दफ्तर कडीकुलुपात असे, अशा घरांतल्या संकलकांच्या टेबलांवर आता हार्ड डिस्कांची चळत उभी राहिली आहे. आणि तिच्यात साठवलेली आजी-आजोबांची पिढी पुन्हा चित्रित करता येणार नसल्यामुळे, या साठवणीविषयीचे गैरसमज वेळीच दूर होणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत रूढ समज असा की, ‘रेड’ पद्धतीची डिस्कपेटी घेतली की निराळ्या नकलेचे प्रयोजन उरत नाही. प्रत्येकी 8 टीबीच्या चार डिस्का रेड-5 ने जोडल्या तर 32 पैकी 24 टीबी जागा वापरास मिळते आणि कोणतीही एक निकामी झाली तरी ऐवज शाबूत राहतो, हे खरे. परंतु अनवधानाने पुसलेले फोल्डर त्याच क्षणी साऱ्या पेटीतून नाहीसे होते. आणि मृगाच्या आधी किंवा परतीच्या पावसात वीज कडाडून तारेतून विद्युतदाब उसळला, तर चारही डिस्का एकदम जळू शकतात. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेटवरील जुनी रिळे भस्मसात झाली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सेफ्टी फिल्मवर काढून अन्यत्र ठेवल्या होत्या, ते तेवढे वाचले. म्हणूनच पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 चा नियम तीन प्रती, दोन प्रकारची साधने आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, असे सांगतो.

मग सारे इंटरनेटवरच्या क्लाउडवर ठेवावे, असे कोणी म्हणेल. सेकंदाला 100 मेगाबिट या दराने घेतलेले चित्रीकरण तासाला 45 जीबी जागा व्यापते. तीन कॅमेरे सहा तास चालले की एका लग्नाचे 810 जीबी होतात, आणि 20 मेगाबिटच्या जोडणीवरून ते वर पाठवण्यास अखंड 90 तास लागतात. पावसाळ्यात वीज आणि जोडणी इतका वेळ टिकेल, याची हमी कोण देणार? तेव्हा क्लाउडवर तयार चित्रफीत व प्रकल्पाच्या लहान फायली पाठवाव्यात आणि मूळ चित्रीकरणाची डिस्क रत्नागिरीच्या किंवा कोल्हापूरच्या आप्तांकडे ठेवावी, ही तजवीज मला अधिक व्यवहार्य वाटते.

कपाटातली डिस्क वर्षानुवर्षे तशीच टिकते, हाही भ्रमच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या मुलखात दमट हवेने जोडणीचे टोक गंजते. एसएसडी दीर्घकाळ विजेविना राहिली तर तिच्यातला विद्युतभार ओसरतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवलेली डिस्कही दर तिमाहीस बाहेर काढून, तिच्यातला एक जुना प्रकल्प दुसऱ्या संगणकावर उघडून, फायलींच्या चेकसमची (म्हणजे मजकुरावरून काढलेल्या पडताळणी-अंकाची) अस्सलाशी रुजवात घालावी, आणि तारीख वहीत नोंदवावी.