बेटाचा केर

बुंदेलखंडातील गुरसराय हे जुन्या मराठी जहागिरीचे गाव. अशा गावाला केर वेशीबाहेर नेता येतो. मुंबई बेटाला वेशीच्या जागी समुद्र. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील केर आगगाडीने चेंबूरकडे जाऊ लागला आणि १९२७ पासून देवनारला त्याचा डोंगर साठला. पुढे शहरच त्या डोंगराला वेढून बसले. कुजणाऱ्या केरातून मिथेन वायू निघतो, तो आगीला खाद्य पुरवितो. जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला. धुरामुळे शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

त्याच वर्षीच्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असा केर घरातच निराळा करावयास सांगितले. घातक म्हणजे केवळ कारखान्यातील रसायन नव्हे; फुटलेला पाऱ्याचा तापमापक, निकामी बॅटरी, मुदत संपलेले औषधही त्यातच येते. ते ओल्या केरात पडले, तर त्याचे खत शेतात घालण्याजोगे राहत नाही. पुन्हा डोंगरच वाढतो.